पडणे आणि उतरणे

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेची, म्हणजे २ एप्रिल २०२२ ची सायंकाळ आम्हां नागपूरकरांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. गुढ्या उतरवून झाल्या होत्या आणि घरोघरची मंडळी वाऱ्याच्या आशेने गच्चीवर येऊन बसली होती. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशातून अग्नीच्या रेषा एकामागून एक सरकत गेल्या. कोणी त्यास उल्कापात म्हटले, कोणी विमानास आग लागली असे म्हटले, तर कोणी नव्या संवत्सराच्या फलाविषयी तर्क बांधू लागले. थोड्याच वेळात उलगडा होऊ लागला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या खेड्यात सुमारे दहा फूट व्यासाचे धातूचे एक कडे आकाशातून येऊन पडले होते. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असे जाणकारांनी गणिताने ओळखले. कोणास इजा झाली नाही, हे केवळ दैव.

याच्या बरोबर एक वर्षानंतर, २ एप्रिल २०२३ रोजी सकाळी, आणखी एक वस्तू आकाशातून खाली आली. कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात एका हेलिकॉप्टरने पंख असलेले एक यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेले आणि तेथून सोडून दिले. त्यात वैमानिक नव्हता आणि खालून कोणी ते चालवीतही नव्हते. आपण कोठे आहोत, धावपट्टी कोणत्या दिशेस आहे, वेग किती राखावा, याचा निर्णय त्याने स्वतःच केला आणि ते सुखरूप धावपट्टीवर येऊन थांबले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची, म्हणजे इस्रोची, ती एक चाचणी होती.

पहिली वस्तू पडली, दुसरी उतरली. पडण्यास काहीच यावे लागत नाही. पृथ्वीची ओढ ते काम विनासायास करते. उतरणे मात्र शिकावे लागते. ते यंत्रास कसे शिकवितात आणि त्या शिक्षणात आपल्या लोकांस कोणता धडा मिळाला, हे वाचकांपुढे मांडावे असा आमचा हेतू आहे.

धावपट्टीवर उतरणाऱ्या यानास निदान हवेचा आधार असतो. चंद्रावर तोही नाही. हवा नसल्यामुळे पंख निरुपयोगी आणि हवाई छत्रीही निरुपयोगी. वेग मोडण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे प्रवासाच्या उलट दिशेस इंजिन पेटविणे. चांद्रयान ३ च्या ‘विक्रम’ या लँडरने उतरण्यास आरंभ केला तेव्हा तो चंद्रभूमीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर असून सेकंदास १.६८ किलोमीटर या वेगाने आडवा धावत होता. पहिल्या टप्प्यात सुमारे ६९० सेकंद इंजिने चालवून हा वेग सेकंदास ३५८ मीटरपर्यंत उतरविला गेला. तेवढ्यात यानाने सातशे किलोमीटरांहून अधिक भूमी ओलांडली. हे अंतर ध्यानात यावे म्हणून असे समजा की, आमच्या झिरो माइलच्या स्तंभावर असता गतिरोध लावण्यास प्रारंभ करावा आणि गाडी थांबण्याच्या बेतास यावी ती मुंबईच्या समुद्राजवळ! त्यातही नेमक्या ठरलेल्या जागी, उभ्याने, न कलंडता थांबावे लागते.

मग पृथ्वीवर बसलेल्या कुशल माणसाने हे यान का चालवू नये? चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तेथून निघालेला संदेश येथे येण्यास सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि आपली आज्ञा तेथे पोहोचण्यास पुन्हा तितकाच. पुढे खड्डा आहे असे यानाने कळवावे आणि आम्ही ‘वळ’ म्हणावे, तोवर आरंभीच्या वेगाने ते चार किलोमीटर पुढे गेलेले असते; म्हणजे सीताबर्डीहून निघून अंबाझरीच्या जवळ पोहोचलेले असते. यास्तव त्या शेवटच्या एकोणीस-वीस मिनिटांत यानास कोणाचेही साहाय्य होत नाही. शास्त्रज्ञ पडद्यासमोर बसलेले असतात खरे, परंतु परीक्षागृहाबाहेर बसलेल्या पालकांहून त्यांची स्थिती निराळी नसते. जे शिकवावयाचे ते आधीच शिकविलेले असले पाहिजे.

हे शिक्षण अपुरे पडले तर काय होते, याचा अनुभव आपण ६ सप्टेंबर २०१९ च्या रात्री घेतला. त्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्यांचे पूजन होते. सोळा भाज्या, पुरणपोळी, पंक्तीवर पंक्ती यांनी घरातील स्त्रिया थकून गेल्या होत्या. तरीही नागपुरातील कितीतरी घरांत त्या रात्री दिवे मालवले गेले नाहीत. मध्यरात्र उलटून दीड वाजून गेल्यावर चांद्रयान २ चा ‘विक्रम’ उतरू लागला. प्रथम सर्व सुरळीत चालले होते. पुढे पडद्यावरील रेषा ठरल्या मार्गापासून ढळली आणि थांबली. उंची २.१ किलोमीटर असेपर्यंत यान नियोजनाप्रमाणे चालले होते आणि त्यानंतर संपर्क तुटला, अशी घोषणा झाली. समोर मखरात महालक्ष्म्या उभ्या, समया तेवत आहेत, लहान मुले तेथेच सतरंजीवर निजली आहेत आणि वडील मंडळी निःशब्द बसली आहेत, असे ते दृश्य होते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेने यानाचे अवशेष सापडल्याचे जाहीर केले. चंद्राभोवती फिरणाऱ्या त्यांच्या यानाची छायाचित्रे घरी बसून तपासणारे चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांच्या चिकाटीने तो माग लागला होता.

असा प्रसंग आला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर कोणास तरी बोल लाविला जातो, अथवा दैवावर भार टाकून विषय संपविला जातो. इस्रोने यांपैकी काहीच केले नाही. अखेरच्या क्षणापर्यंत आलेले आकडे त्यांनी पुनःपुन्हा चाळले. जुलै २०२३ मध्ये संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जी कारणे सांगितली, ती कोणाही सुबुद्ध गृहस्थास समजावीत इतकी सरळ आहेत. यानाच्या पाच इंजिनांनी अपेक्षेहून काहीशी अधिक शक्ती लावली. मधल्या एका टप्प्यात छायाचित्रे नीट टिपता यावीत म्हणून यानाने स्थिर राहावयाचे होते. त्या काळात या अधिक शक्तीमुळे झालेल्या लहानलहान चुका साचत गेल्या. त्या एकदम दुरुस्त करू जाता यानास फार वेगाने वळावे लागले, आणि किती वेगाने वळावे याची मर्यादा तर आज्ञावलीत आधीच घालून दिलेली होती. शिवाय उतरण्याची जागा केवळ ५०० मीटर लांब व ५०० मीटर रुंद ठेविली होती. ती गाठण्याच्या अट्टाहासात यानाने भूमी जवळ आली असताही वेग वाढविला.

या कारणांत एकही भाग मोडला अथवा निखळला असे नाही. प्रत्येक अवयव आपापल्या परीने काम करीत होता. वाट थोडी चुकली तर काय करावे, हे मात्र यानास पुरेसे शिकविलेले नव्हते. सोमनाथांनी पुढील यानाविषयी बोलताना म्हटले की, मागील रचना यश गृहीत धरून केली होती, ही अपयश गृहीत धरून केली आहे. काय काय बिघडू शकेल याची यादी प्रथम करावी आणि प्रत्येक बिघाडात यान कसे तरेल ते पाहावे, असा हा क्रम होता. चाचण्यांस खरे महत्त्व येते ते येथे.

चाचण्या म्हणजे तयार वस्तूवर शेवटी मारावयाचा शिक्का, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या शाळेप्रमाणे असतात. चांद्रयान २ च्या तयारीत २०१६ साली चित्रदुर्ग जिल्ह्यातील चल्लकेरे येथे माळरानावर चंद्रावरच्यासारखी कृत्रिम विवरे खणण्यात आली आणि लँडरची दृष्टी-उपकरणे विमानात ठेवून त्यांवरून नेण्यात आली. चंद्रावरील विवर कसे असते हे पाहण्यास आम्हां विदर्भवासीयांस फार दूर जाणे नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे अशनीच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्याच्या काठावर उभे राहून खाली पाहावे आणि मनाशी विचार करावा की, या तीव्र उतारावर चार पायांचे एखादे यंत्र टेकले तर त्याची काय गत होईल! चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. त्यामुळे तेथील असली लहानमोठी विवरे बुजत नाहीत व त्यांची गणतीही नाही. सपाट जागा कोणती आणि खळगा कोणता, हे यानास वरूनच ओळखता आले पाहिजे.

चांद्रयान ३ साठी ही शाळा अधिक कडक करण्यात आली. प्रथम शीत चाचणी झाली. तीत लँडरचे इंजिन पेटवावयाचे नसते. उंची मोजणारी लेसर व रेडिओ-लहरींची उपकरणे, वेग मोजणारी साधने, धोका ओळखणारा कॅमेरा आणि या सर्वांवरून वाट ठरविणारा संगणक, असा सारा संच हेलिकॉप्टरवर बसवून आकाशात फिरवितात. डोळे आणि बुद्धी यानाची, उडणे मात्र हेलिकॉप्टरचे. दिसलेले आणि खरोखर असलेले यांत किती फरक पडतो ते या रीतीने कळते.

दुसरी उष्ण चाचणी. हीत इंजिने प्रत्यक्ष पेटवितात. परंतु चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश. तेथे विनासायास तरंगेल असे यान येथे स्वतःच्या भारानेच खाली येईल. म्हणून त्यास उंच क्रेनचा आधार देऊन ही चाचणी केली गेली. उपकरणाने पाहावे, संगणकाने ठरवावे, इंजिनाने त्याप्रमाणे जोर कमीअधिक करावा, त्यामुळे यानाची स्थिती पालटावी आणि ती पालटलेली स्थिती पुन्हा उपकरणाने पाहावी, असे हे चक्र अखंड चालते की नाही ते येथे पारखले जाते. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीस पाककृती तोंडपाठ असते; पण आच वाढली, दूध उतू जाऊ लागले म्हणजे त्या क्षणी हात पुढे होतो की नाही, हे चुलीपाशी उभे केल्यावाचून कळत नाही. उष्ण चाचणीचे मर्म तेच आहे.

तिसरी परीक्षा पायांची. चंद्राच्या मातीसारखी माती पसरून तीवर लँडरचे पाय निरनिराळ्या वेगाने व निरनिराळ्या कलाने आदळवून पाहिले. चांद्रयान २ च्या वेळेस अशी माती बनविण्यासाठी तामिळनाडूतील सित्तमपुंडी येथील ॲनॉर्थोसाइट नावाचा खडक आणून दळण्यात आला होता. चंद्रावरील उंच प्रदेशाच्या खडकाशी त्याचे साधर्म्य आहे. उतरतेवेळचा वेग आधी सेकंदास २ मीटरपर्यंत सोसेल असे पाय होते, ते आता ३ मीटर सोसतील असे केले. आकडा लहान वाटतो. पृथ्वीवर वीतभर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा जो वेग तो पहिला, आणि हातभर उंचीवरून पडणारीचा तो दुसरा. पण या वीत आणि हात यांमधील फरकातच चुकीस जागा मिळाली.

अशीच जागा इतरत्रही मोकळी करण्यात आली. ५०० मीटर चौरसाऐवजी ४ किलोमीटर लांब व २.४ किलोमीटर रुंद प्रदेश उतरण्यास मुक्त ठेविला. इंधन वाढविले. पाच इंजिनांऐवजी चार ठेविली. आपला वेग लेसरने थेट मोजणारे नवे उपकरण बसविले. सर्व संवेदक बंद पडले, दोन इंजिने चालेनाशी झाली, तरीही यान उतरू शकेल अशी रचना केली आहे, असे सोमनाथांनी उतरण्याच्या काही दिवस आधी सांगितले होते. चार किलोमीटरांची मोकळीक देणे म्हणजे नेम कच्चा ठेवणे नव्हे. हट्टामुळे प्राण जाऊ नयेत, एवढाच त्याचा अर्थ.

चाचणीत काय सुटले, यावर काय ओढवते, याची उदाहरणे परदेशांतही आहेत. एप्रिल २०२३ मध्ये आयस्पेस या जपानी कंपनीचे हाकुतो-आर हे यान चंद्रावर उतरत असता एका विवराच्या कड्यावरून गेले. खालची भूमी एकाएकी सुमारे तीन किलोमीटर खोल गेली. उंचीमापकाने ते खरे सांगितले. परंतु इतका मोठा फरक अशक्य आहे असे मानून संगणकाने त्या मापकावरच अविश्वास दाखविला. आपण भूमीवर टेकलो असे समजून यान सुमारे पाच किलोमीटर उंचीवर तरंगत राहिले आणि इंधन संपताच कोसळले. उतरण्याची जागा मागाहून पालटली होती आणि त्या नव्या वाटेची पुरेशी तालीम झाली नव्हती. चांद्रयान ३ उतरण्याच्या चारच दिवस आधी, १९ ऑगस्ट २०२३ रोजी, रशियाच्या लूना २५ यानाचे इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चालले आणि ते चंद्रावर आदळले. याउलट नासाच्या ‘मॉर्फियस’ या चाचणी-यानाची कथा पाहा. ९ ऑगस्ट २०१२ रोजी फ्लॉरिडात मोकळ्या उड्डाणाच्या प्रयत्नात ते उलटून जळून गेले. त्या मंडळींनी दुसरे यान बांधले आणि खडक व विवरे रचून तयार केलेल्या चंद्रभूमीसारख्या मैदानाच्या साहाय्याने डिसेंबर २०१३ पासून पुढे अनेक यशस्वी उड्डाणे करून दाखविली. घरच्या अंगणात जळालेल्या यानाची हानी थोडी. चंद्रावर जळालेल्याची फार.

२३ ऑगस्ट २०२३ हा श्रावण शुद्ध सप्तमीचा दिवस. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते. लँडर उतरणार होता त्या दक्षिणेकडील प्रदेशात सूर्य नुकताच उगवला होता. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रास चौदा दिवसांचा तो संपूर्ण दिवस मिळावा म्हणून हीच वेळ साधली होती. आम्ही ज्या घरी बसून पाहत होतो तेथे तिन्हीसांजेची दिवेलागण त्या दिवशी थोडी लांबणीवर पडली. चार वर्षांपूर्वी सतरंजीवर निजलेली मुले आता मोठी झाली होती व रेषेकडे डोळे लावून बसली होती. २०१९ साली ज्या उंचीवर रेषा ढळली होती तेथे ती येताच घरातील आजीबाईंनी हात जोडले. त्या हात जोडून होत्या तो रेषा पुढे सरकलीसुद्धा. सुमारे १५० मीटर उंचीवर यान क्षणभर अधांतरी थांबले, खालची जागा त्याने न्याहाळली आणि सहा वाजून चार मिनिटांनी ते टेकले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात सुखरूप उतरलेले ते पहिलेच यान. प्रकल्पाचे संचालक पी. वीरमुत्तुवेल व सहायक संचालिका के. कल्पना यांचे चेहरे तेव्हा पडद्यावर दिसले. चार वर्षांच्या श्रमाचा भार त्या क्षणी उतरत होता, हे कोणासही कळले असते.

यानंतर जे घडले त्याची वाच्यता कमी झाली. ३ सप्टेंबर २०२३ रोजी, नेमून दिलेली कामे आटोपल्यावर, शास्त्रज्ञांनी ‘विक्रम’ची इंजिने पुन्हा पेटविली. यान सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलले गेले आणि ३० ते ४० सेंटिमीटर बाजूस जाऊन पुन्हा सुखरूप उतरले. एवढ्याशा उडीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. परंतु चंद्रावरील माती पृथ्वीवर आणण्यासाठी आखलेल्या चांद्रयान ४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, आणि त्या यानास चंद्रावरून वर उठावयाचे आहे. म्हणजे यश पदरात पडले त्याच आठवड्यांत पुढच्या परीक्षेचा अभ्यास सुरू झाला होता. चित्रदुर्गच्या पंखांच्या यानाविषयीही हीच रीत दिसते. पहिली चाचणी साधल्यावर मार्च २०२४ मध्ये ते मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून १५० मीटर बाजूस सोडले, जून २०२४ मध्ये ५०० मीटर बाजूस आणि अधिक जोराच्या वाऱ्यात. पास झालेल्या विद्यार्थ्यास प्रत्येक वेळी अधिक कठीण प्रश्नपत्रिका दिली गेली.

आमच्या घराघरांतून मुलांच्या यशाची चिंता फार वाहिली जाते. पहिला क्रमांक यावा, ठरलेली शाखा मिळावी, म्हणजे आमच्यापरीने आम्ही त्यांस ५०० मीटरांचा चौरस आखून देतो. वाट चुकली तर कसे सावरावे, याचे शिक्षण देण्यास मात्र आम्हांस सवड नसते. घरात चूक झालेली खपत नाही, म्हणून मूल ती घराबाहेर, जेथे हात द्यावयास कोणी नसते तेथे प्रथमच करते. एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ हाच की, तेथे आपल्या माणसांदेखत पडण्याची सोय असते. ती सोय आपण काढून घेऊ नये. पडण्याची भीती घालून आजवर कोणी उतरावयास शिकलेले नाही. उंची बेताची ठेवून, खाली माती पसरून, पुनःपुन्हा सोडून पाहिल्यानेच ते साधते.

लाडबोरीस पडलेले ते कडे लोकांनी कुतूहलाने पाहिले. ते कोठे पडावे, हे कोणीच ठरविले नव्हते. ‘विक्रम’ आजही चंद्रावर आपल्या चार पायांवर उभा आहे, आणि त्याची जागा ठरविण्यास चांद्रयान २ च्या फिरत्या यानाने काढलेली छायाचित्रे उपयोगी पडली होती. २०१९ च्या त्या रात्री सारेच गेले असे आम्हांस वाटले होते. वर उरलेले ते भावंड मात्र तेव्हाही आपले काम करीत होते.